दर्या आणि दऱ्या ओळखणारं यंत्र

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीनं विंडोज १० या आपल्या कार्यप्रणालीची नेहमीची मोफत देखभाल थांबवली. तेव्हापासून कुडाळच्या बाजारात, एस.टी. स्टँडवर, मशिदीतून बाहेर पडताना ओळखीची माणसं मला एकच प्रश्न विचारतात. संगणक तर चांगला चालतोय, मग तो टाकायचा का? नवा घ्यायचा, की ते लिनक्स का काय म्हणतात ते घालायचं?

मला का विचारतात, ते सांगतो. माझं शिक्षण बी. ए. संगणकशास्त्राशी माझा संबंध गिऱ्हाइकाचा. पण गेली पंचवीस-सव्वीस वर्षं मी मराठीत जे काही लिहिलं, ते संगणकावरच लिहिलं. या काळात दोन-तीन कार्यप्रणाल्यांबरोबर माझा संसार झाला. संसार झालेल्या माणसाकडे लोक सल्ला मागतात, तसंच हे आहे.

आधी कार्यप्रणाली म्हणजे काय ते बघू. मोठ्या वाड्यात एक कारभारी असायचा. धान्य कुठल्या कोठीत ठेवायचं, पाहुण्याला कुठं बसवायचं, गड्याला कुठलं काम सांगायचं, हे तो ठरवायचा. मालकाला वाटायचं घर मीच चालवतो. प्रत्यक्षात चालवायचा कारभारी. संगणकातला हा कारभारी म्हणजे कार्यप्रणाली. आपण कळ दाबतो ती त्याच्याकडे जाते, आणि पडद्यावर कुठलं अक्षर उमटवायचं हे ठरवणाऱ्या सगळ्या व्यवस्थेचा तो प्रमुख असतो. विंडोज हा असा एक कारभारी, ॲपलचा मॅक दुसरा आणि लिनक्स तिसरा.

आता यांतला एक निवडायचा कसा? कोणी वेग बघतो, कोणी किंमत, कोणी खेळ. माझी कसोटी वेगळी आहे. आमच्या कुडाळच्या पूर्वेला सह्याद्रीच्या दऱ्या आहेत आणि पश्चिमेला मालवण-वेंगुर्ल्याचा दर्या आहे. दर्या म्हणजे समुद्र. त्यात र वर चढतो, रफार होतो. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. त्यात र आडवा होऊन य ला चिकटतो. उच्चार वेगळा, अर्थ वेगळा. आचार्यांना जेवायला बोलावणं आणि आचाऱ्यांना जेवण करायला बोलावणं यात जो फरक आहे, तोच हा. हा आडवा र मराठीचा खास दागिना आहे. ज्या यंत्राला दर्या आणि दऱ्या यांतला फरक कळत नाही, ते इतर कितीही हुशार असो, माझ्या काय कामाचं?

मी पहिला संगणक घेतला १९९९ साली. त्यावर विंडोज ९८ होतं. मी विंडोज निवडलं असं म्हणता येणार नाही, कारण निवडायला दुसरं काही समोर नव्हतं. मराठी लिहायचं तर मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर लागायचं, आणि बाजारात मिळणारं ते सॉफ्टवेअर विंडोजवर चालायचं. म्हणजे आम्ही फॉन्टच्या मागं गेलो, आणि फॉन्ट जिथं राहत होता तिथं बिऱ्हाड केलं. पुढं एमएस-सीआयटीच्या वर्गांत महाराष्ट्रातली लाखो मुलं आणि सरकारी नोकर संगणक शिकले, तेही विंडोजवरच. हाताला वळण पडलं ते तिथलं.

त्या वेळच्या मराठी फॉन्टची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. संगणकाच्या पोटात अक्षर नसतं, आकडा असतो. इंग्रजीच्या प्रत्येक अक्षराला एक ठरलेला आकडा होता. मराठी फॉन्ट बनवणाऱ्यांनी काय केलं, तर इंग्रजी अक्षरांच्या त्याच घरांत देवनागरीचे तुकडे नेऊन बसवले. एका घरात काना, दुसऱ्यात अर्धा म, तिसऱ्यात रफार. पडद्यावर मराठी दिसायचं, पण यंत्राच्या लेखी ते इंग्रजीच असायचं. शिवाय प्रत्येक कंपनीनं हे तुकडे आपापल्या मर्जीनं बसवले. एका कंपनीच्या घरात क राहायचा, तर दुसरीच्या त्याच घरात उकार. म्हणून एका फॉन्टमध्ये लिहिलेली कविता दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडली, की स्वल्पविराम, कंस आणि डॉलरची चिन्हं यांची खिचडी व्हायची. उर्दूचीही हीच कथा. तिथं नव्वदच्या दशकात इनपेज नावाचं सॉफ्टवेअर आलं. त्यानं नस्तालीकचं सुंदर वळण संगणकावर आणलं, पण जुन्या इनपेजची फाइल बाहेर, दुसरीकडे नेऊन वाचणं दुरापास्त होतं.

माझ्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरला तर कुलूप होतं. प्रिंटर जोडायच्या खोबणीत बसवायचं, काडेपेटीएवढं. त्याला हार्डवेअर लॉक म्हणत. ते लावलेलं असेल तरच मराठी लिहिता येई. कंपनीला चोरीची भीती होती, ती रास्तच होती. पण पुढं संगणकांना ती खोबण येईनाशी झाली.

याच संगणकावर मी एक काम केलं होतं. आमच्या कोकणी मुसलमानांच्या घरांत लग्नाच्या हळदीला, मेंदीला बायका जी गाणी म्हणायच्या, ती माझी आई सांगत गेली आणि मी टिपत गेलो. सोबत तिच्या बोलीतले शब्द, त्यांचे अर्थ, कुठल्या गावात कोण काय म्हणतं ते. आधी वह्यांत, मग संगणकावर. तीनशेच्या वर पानं झाली. आई २००६ साली गेली. वह्यांचं म्हणाल, तर कोकणातला पाऊस, भिंतीची ओल आणि वाळवी यांनी त्यांतलं फार थोडं मागं ठेवलं. उरली ती संगणकावरची फाइल. ती ज्या फॉन्टमध्ये होती, तो फॉन्ट त्या कुलपाला बांधलेला.

श्रोतेहो, आता १९९१ या सालाकडे जरा बघा. त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. आपल्याकडे भारतीय मानक संस्थेनं भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची संकेतप्रणाली मान्य केली. जगात युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीला स्वतःची घरं मिळाली. ही मांडणी इस्कीच्याच पायावर केलेली होती. आणि फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणानं लिनक्सचा गाभा लिहून तो सगळ्यांसाठी खुला केला. या तीन गोष्टींचा त्या वेळी एकमेकींशी काही संबंध नव्हता. आज मी मराठीत लिहितो ते या तिघींच्या जिवावर.

युनिकोडमध्ये क चा क्रमांक ०९१५. तो पुण्यात तोच, पॅरिसमध्ये तोच, विंडोजवर तोच, लिनक्सवरही तोच. र चा ०९३०, आणि त्याच्या शेजारी ०९३१ वर बसलाय ऱ. आडवा र लिहायला हाच शेजारी उपयोगी पडतो. भारत सरकारनं ठरवलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकावर इंग्रजी जे ची कळ दाबली की र येतो, शिफ्टसह दाबली की ऱ. मग पाय मोडायचा आणि य लिहायचा, दऱ्या तयार. हा कळफलक विंडोजमध्ये आहे, लिनक्समध्ये आहे, मॅकमध्येही आहे. एकदा बोटांना बसला की कारभारी कोणीही असो, बोटांना फरक पडत नाही.

मायक्रोसॉफ्टला इथं श्रेय दिलं पाहिजे. विंडोज २००० पासून त्यांनी देवनागरी मुळातच घातली. तिच्यासोबत जो मंगल नावाचा फॉन्ट आला, तो र. कृ. जोशी यांच्या हातचा. जोशी मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवायचे, अक्षरांचे मोठे जाणकार होते आणि स्वतः मराठी कवी होते. २००८ साली ते गेले. जगातल्या कोट्यवधी संगणकांवर देवनागरी पहिल्यांदा दिसली ती एका मराठी कवीनं काढलेल्या वळणात, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

२००१ साली विंडोज एक्सपी आलं. त्यात देवनागरी सुरू करायला एका चौकोनात खूण करावी लागे आणि मूळ सीडी घालावी लागे. त्या चौकोनासमोर लिहिलेलं असायचं, गुंतागुंतीच्या लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा. म्हणजे देवनागरी आणि उर्दू दोन्हींसाठी एकच खूण! आमच्या घरात मराठी पुस्तकं आणि उर्दू पुस्तकं एकाच फळीवर असतात. कोणा परक्या देशातल्या अभियंत्यानं आपल्या सोयीसाठी केलेली ही व्यवस्था, पण मला ती घरच्यासारखी वाटली.

लिनक्स माझ्या घरी आलं ते टपालानं. उबुंटू या नावाची लिनक्सची एक आवृत्ती २००४ साली निघाली आणि तिचे लोक मागेल त्याला फुकट सीडी पाठवायचे. २०११ पर्यंत ही योजना चालू होती. पुठ्ठ्याच्या पाकिटातली सीडी पोस्टमननं आणून दिली. पैसे नाहीत, कुलूप नाही, उलट वाटेल तितक्या प्रती काढून मित्रांना द्या असं वर लिहिलेलं. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरला कुलूप आणि फुकट आलेल्याला मोकळीक, हे मला प्रथम कळेचना. मग रिचर्ड स्टॉलमन यांच्याविषयी वाचलं. १९८३ पासून ते सांगत होते की, सॉफ्टवेअर वापरण्याचं, उघडून बघण्याचं, सुधारण्याचं आणि वाटण्याचं स्वातंत्र्य वापरणाऱ्याला हवं. विहीर खणणारा म्हणतो, पाणी सगळ्यांनी भरा. फक्त भरणाऱ्यानं पुढच्याला अडवू नये. इतकं साधं तत्त्व आहे ते.

पण तत्त्व चांगलं म्हणून संसार सुखाचा होतो असं नाही. तेव्हाच्या लिनक्सवर माझा मॉडेम चालेना, प्रिंटर ओळखू येईना. जोडाक्षरं काही ठिकाणी नीट, काही ठिकाणी फुटलेली. कुडाळात ते दुरुस्त करून देणारा कोणी नव्हता. म्हणून ती सीडी कपाटात राहिली आणि मी एक्सपीवर लिहीत राहिलो. मधल्या काळात मात्र तिकडे काम चालूच होतं. रेड हॅट कंपनीनं लोहित नावाचे भारतीय लिप्यांचे मुक्त फॉन्ट दिले. लिनक्सवरच्या खिडक्या, सूचना, याद्या यांचं मराठी करण्यासाठी कितीतरी तरुण मुलांनी रात्री जागवल्या. त्यांतल्या बऱ्याच जणांनी त्याचा पैसाही घेतला नाही. केरळच्या शाळांनी तर आयटी ॲट स्कूल या प्रकल्पातून मुलांना मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकवला. आणि आज ज्यांना लिनक्सच्या नावाची धास्ती वाटते, त्यांच्या खिशात अँड्रॉइड फोन असतो. त्याचा गाभा लिनक्सचाच आहे.

मॅकचा अनुभव भाच्यामुळे मिळाला. तो आखातात असतो. सुट्टीवर आला तेव्हा महिनाभर त्याचा ॲपलचा लॅपटॉप माझ्या हाताखाली होता. मराठी अक्षरं इतकी रेखीव दिसली की लिहिताना मन प्रसन्न होई. पण किंमत ऐकली आणि प्रसन्नता आवरती घेतली. शिवाय त्याच्या पडद्यात बिघाड झाला तेव्हा तो दुरुस्तीला पणजीला न्यावा लागला. पावसाळ्यात विजा कडाडणाऱ्या, दिवसदिवस वीज जाणाऱ्या आमच्या मुलखात यंत्र बिघडणारच. तेव्हा ते कुठं दुरुस्त होतं हाही निवडीचा भाग आहे.

आता येऊ २०२५ कडे. माझा लॅपटॉप दहा वर्षांचा. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि ठरावीक यादीतलाच प्रोसेसर लागतो. माझा त्या यादीत नव्हता. दुरुस्तीवाला मुलगा म्हणाला, "चाचा, ह्यो आता चलूचो नाय. नवीनच घेवा." त्याचं त्याच्या परीनं बरोबर होतं. सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झालेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करणं शहाणपणाचं नाही. मायक्रोसॉफ्टनं घरगुती गिऱ्हाइकांना आणखी वर्षभर, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, या दुरुस्त्या घेण्याची सोय ठेवली. पण त्यानं प्रश्न फक्त एक वर्ष पुढं जातो. धडधाकट यंत्र भंगारात घालायचं माझ्या मनाला पटेना. मी त्याच्यावर लिनक्स मिंट घालायचं ठरवलं. आधी पेन ड्राइव्हवरून आठ दिवस चालवून पाहिलं. त्यात संगणकावरचं काही पुसलं जात नाही, नुसती चव घेता येते. या वेळी वाय-फाय आपोआप लागलं, प्रिंटर आपोआप सापडला. दर्या लिहिलं, दऱ्या लिहिलं. दोन्ही नीट उमटले.

मग आईची फाइल उघडली. लिबरऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरनं जुनी वर्डची फाइल विनातक्रार उघडली, पण समोर आली ती चिन्हांची खिचडी. जुन्या सीडीवर फॉन्टची फाइल होती, ती घातली. अक्षरं दिसायला लागली. वाचता येत होतं, बदलता येत नव्हतं, शोधता येत नव्हतं. कारण लिहिण्याची किल्ली त्या कुलपात. हे नव्या विंडोजवरही तसंच झालं असतं, हे लक्षात घ्या. अडचण कार्यप्रणालीची नव्हती, घरं बदलून बसलेल्या अक्षरांची होती. शेजारच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यानं एक छोटा प्रोग्राम जुळवला. जुन्या फॉन्टच्या कुठल्या घरात कुठला तुकडा आहे त्याचा तक्ता करायचा आणि एकेक तुकडा उचलून युनिकोडच्या घरात ठेवायचा. तीनशे पानं डोळ्याचं पातं लवेपर्यंत बदलली.

बदलली, पण सगळी शुद्ध नव्हती. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहीत, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. रफाराचीही जागा वेगळी. त्यामुळे वेलांट्या शेजारच्या अक्षरावर गेल्या, कितीतरी ठिकाणी आडवा र जाऊन रफार आला. दऱ्याचा दर्या झाला. आईच्या बोलीतले शब्द कुठल्याही कोशात नाहीत. ते बरोबर आहेत की चूक, हे यंत्राला कोण सांगणार? मी अडीच महिने रोज सकाळी बसलो. ओळ मनात म्हणायची, आईच्या आवाजात ऐकू आली की पुढं जायचं. चारपाच ठिकाणी आवाज आला नाही. तिथं मावशीला फोन केला. एका शब्दाला तिनं, "अरे, हा आमच्या घरचा नाही, पलीकडच्या खाडीकडचा," असं सांगितलं आणि वर एक आणखी गाणं सांगितलं. ते फाइलमध्ये नव्हतं.

आता मी लिनक्सवर लिहितो. त्यात मला काय सोसावं लागतं तेही सांगतो. माझा जुना स्कॅनर तिथं चालत नाही. छपाईच्या कामात बरेच लोक अजून जुन्या फॉन्टवर आणि पेजमेकरवर बसलेले आहेत. त्या पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची! त्यांना युनिकोडची फाइल दिली की कपाळाला आठ्या पडतात. मी फॉन्टसकट पीडीएफ करून देतो, तरी कधी कधी पुन्हा टाइप करून घेतात आणि मुद्रितं तपासायला मला जावं लागतं. शासकीय संकेतस्थळांवर एखादी सोय फक्त विंडोज धरूनच केलेली असते. तेवढ्यासाठी मी मुलीच्या खोलीत जातो.

कारण माझ्या मुलीनं विंडोज ११ चा नवा संगणक घेतला, आणि तिनं योग्यच केलं. ती हिशेबाचं काम करते. तिचं टॅली विंडोजवर चालतं, तिचे गिऱ्हाईक विंडोजवर, तिला अडलं तर सांगणारे दहा जण बाजारात. नवा संगणक सुरू करताना त्यानं इंटरनेट मागितलं, कंपनीचं खातं मागितलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं असतं. पावसात आमच्याकडे तीन-तीन दिवस इंटरनेट नसतं. एकाच घरात दोन कारभारी झाले आणि भांडण नाही. तिनं लिहिलेलं मला दिसतं, मी लिहिलेलं तिला दिसतं. पंचवीस वर्षांपूर्वी हे शक्य नव्हतं.

म्हणून जे मला विचारतात, त्यांना मी आधी उलट विचारतो. तुमचं रोजचं काम कुठल्या सॉफ्टवेअरवर अडतं? यंत्र बिघडलं तर कुणाला हाक माराल? आणि तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: उद्या हा कारभारी गेला, तर त्यानं ठेवलेलं धान्य दुसऱ्याला काढता येईल का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं प्रत्येकाची वेगळी येतील. कोणाचं विंडोज, कोणाचं मॅक, कोणाचं लिनक्स. तिसऱ्याचं उत्तर मात्र सगळ्यांनी आजच शोधावं. तुमच्या घरात जुन्या फॉन्टमध्ये काही लिहिलेलं असेल, वडिलांची पत्रं, देवस्थानची किंवा जमातीची कागदपत्रं, एखादा अर्धा राहिलेला संग्रह, तर कार्यप्रणाली बदलण्याआधी ते युनिकोडमध्ये आणा. ज्यांना त्यातलं चूक-बरोबर कळतं, ती माणसं आहेत तोवर आणा.

आईची गाणी आता तीन ठिकाणी आहेत. माझ्या लिनक्सवर, मुलीच्या विंडोजवर आणि भाच्याच्या मॅकवर. मावशी पंच्याऐंशीची आहे. ती रोज संध्याकाळी फोन करते आणि एखादा शब्द सांगते. कालचा अजून लिहायचा राहिलाय.